आमच्या गणपतीपुढचा सांगाडा

आईच्या वॉकरवर टॉवेल वाळत घालायला पहिल्यांदा सुरुवात कोणी केली, याबद्दल आमच्या घरात एकमत नाही. मी म्हणतो माझ्या बायकोने, वैशालीने केली; वैशाली माझं नाव घेते. खुद्द आईचं मत असं, की वॉकर ही वस्तू मुळात त्यासाठीच बनवलेली असावी, कारण तिची उंची टॉवेलाला बरोबर पुरते आणि त्या कोपऱ्यात पंख्याचा वाराही चांगला लागतो. वॉकरला ती 'घोडा' म्हणते. घोड्यावर नुसते टॉवेल घालत नाहीत, तो चालवायचा असतो, असा मुद्दा मी एकदा काढून पाहिला आणि हरलो.

आषाढात आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "आजी, हाड झकास जुळलंय. आता चालायला लागा." आईने एक्स-रे मागून घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हाड माझं आहे," ती म्हणाली, "जुळलं की मी तुम्हाला कळवीन." त्यानंतर घरी येऊन ती पलंगावर बसली ती बसलीच.

माझी आई, अनसूयाबाई, ही घाबरणारी बाई नव्हे, हे इथे मुद्दाम नमूद करतो. तिने आयुष्यभर गॅसवाल्याला, दोन मुख्याध्यापकांना आणि माझ्या वडिलांना धाकात ठेवलं. मला तर ती अजूनही दिवसातून एकदा "प्रभाकर, पाठ सरळ ठेव" असं बजावते. मला थोडं पोक आहे. फळ्यावर वाकून लिहून ते आलं असं मी सांगतो, आईच्या मते ते सातवीपासून होतं. पण पडल्यापासून या बाईच्या मनात धास्ती बसली होती. आपण काचेच्या झालो आहोत असं तिने ठरवूनच टाकलं होतं. व्यायाम करून घ्यायला रीमा नावाची मुलगी यायची. तिलाही आई चहा पाजायची, लग्नाची चौकशी करायची आणि दुसऱ्या दिवशी या म्हणून परत पाठवायची. एकदा रीमाने मला जिन्यात गाठलं. "सर, आजी अजून महिनाभर अशाच बसून राहिल्या, तर मग त्यांनी उभं राहायचं म्हटलं तरी पाय ऐकणार नाहीत," ती म्हणाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईला कायमची पलंगावर बसलेली बघायची या कल्पनेने मला खरोखरच भीती वाटली.

शेजाऱ्यांनी अर्थातच सल्ले दिले. आमच्या समोरच्या दारातले केसरीनाथ कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून सल्ला देण्याचं काम पूर्ण वेळ करतात. त्यांनी आईला अकलोलीच्या गरम कुंडात बसवून आणायला सांगितलं. कुंडापर्यंत जायला आधी उभं राहावं लागेल, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. त्यावर त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग पाणी इकडे आणा." वरच्या मजल्यावरून नाचणीचं पीठ आलं, खालच्या मजल्यावरून कसलंसं तेल आलं. आईने पिठाची आंबील करवून घेतली, तेल देवापुढच्या समईत घातलं आणि बसून राहिली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. 'मानवी सांगाड्याची कार्ये' हा धडा मी ज्या तऱ्हेने शिकवतो, त्या तऱ्हेने तो ठाणे जिल्ह्यात दुसरं कोणी शिकवत असेल असं मला वाटत नाही. हे मी गर्वाने नाही, माहिती म्हणून सांगतो. आधार देणं, नाजूक अवयवांचं संरक्षण, हालचाल, रक्तपेशी तयार करणं आणि खनिजांचा साठा, ही पाच कार्यं माझे विद्यार्थी झोपेतही सांगतील. मग माझ्या मनात आलं, की सगळ्या भिवंडीला हाडांवर विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या माणसाच्या घरात त्याची आई स्वतःच्या हाडांवर विश्वास ठेवत नाही. ही गोष्ट मला फार लागली. एका संध्याकाळी मी तिच्या पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसलो आणि धडा सुरू केला. संरक्षणापर्यंत आलो तेव्हा ती घोरत होती.

गणपती तोंडावर आले होते, तेव्हा मला कल्पना सुचली. आईच्या पलंगावरून दार उघडं असलं की थेट दिसतो तो हॉलमधला गणपती. गणपती आहेत तोवर ती दिवसभर तिकडे बघत बसणार, हे नक्की. मग बाप्पाच्या शेजारीच सांगाडा उभा केला तर? माणसाच्या उंचीचा, ताठ, पाचही कार्यांच्या पाट्यांसकट. लोक सजावटीत किल्ले करतात, चांद्रयान करतात, झाडं लावा म्हणून सांगतात. हाडं वापरा म्हणून कोणी सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही.

"गणपतीपुढे सांगाडा?" वैशालीने हातातली पोळी तव्यावरच ठेवली. "अहो, सणासुदीचं घर आहे. लोक हळदीकुंकवाला येतात."

"तो विद्येचा देव आहे. विद्या त्याच्यापुढे नाही ठेवायची तर कोणापुढे ठेवायची?"

"आणि डोकं कशाचं करणार आहात?"

मी मडकं रंगवणार होतो. तसं सांगताच वैशाली स्वयंपाकघराबाहेर निघून गेली. पोळी करपली. मग माझ्याही लक्षात आलं, की सांगाडा आणि त्यावर मडकं ही जोडी मंगल प्रसंगाला शोभणारी नाही. मी मडकं रद्द केलं आणि त्या जागी माझं पांढरं हेल्मेट योजलं. मेंदूचं संरक्षण दाखवायला ते मडक्यापेक्षा कितीतरी योग्य होतं. अडचणीतून अधिक शास्त्रीय मार्ग काढणं ही माझी जुनी सवय आहे.

पुढची अडचण सोसायटीची होती. आमचे सेक्रेटरी चांगदेव दरवर्षी घरगुती सजावटीची स्पर्धा घेतात. त्यांच्याकडे तीन गट असतात: पौराणिक, पर्यावरण आणि रस्ता सुरक्षा. "सांगाडा कशात बसवू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आरोग्य असा चौथा गट करा. त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल, आणि सभा गणपतीनंतर आहे, असं कळलं. मी त्यांना हाडांचं महत्त्व समजावून सांगू लागलो. ते मान डोलवत होते. मी हेल्मेटपाशी आलो तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "हेल्मेट आहे होय? मग आधी सांगायचं ना," असं म्हणून त्यांनी मला रस्ता सुरक्षेत टाकून दिलं. इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर माणसाला हे ऐकावं लागतं.

सांगाड्याचं सामान मिळालं भिवंडीजवळच्या पूर्ण्याला. दौलत हा माझा जुना विद्यार्थी. त्याच्या वडिलांचे तिथे कापड विणायचे माग होते. आता त्या जागी मोठं गोदाम उभं आहे आणि दौलत त्याच गोदामात सुपरवायझर आहे. मागांचं जुनं लाकडी सामान त्याने घरामागे रचून ठेवलं होतं. मला बघून त्याने सिगारेट पायाखाली टाकली, हे बघून बरं वाटलं.

"सर, यो सगला माल तुमचाच," तो म्हणाला. "लाकूड जुना हाय, पन सडनार न्हाय. पन तुमी कराचा काय यांचा?"

"माणूस करायचाय," मी म्हणालो.

दौलतने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. पण तो कामाला लागला, आणि दोन रविवारांत आम्ही जे उभारलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या दोरीत ओवून पाठीचा कणा केला. बांबूच्या कामट्या वाकवून बरगड्या केल्या आणि त्या मागावरच्याच सुताने बांधल्या. हातांना जुने दांडे लावले. पायांना जाड प्लास्टिकचे पाइप घेतले, आणि पावलांच्या जागी दोन धोटे बसवले. मागावर इकडून तिकडे धावणारा धोटा पाहिला असेल तर कळेल, की देवाने माणसाचं पाऊल करताना तोच नमुना समोर ठेवला असावा. दोनशेसहा हाडं झाली नाहीत हे मान्य करतो, पण मधल्या कानातली बारीक हाडं हेल्मेटात कोणी शोधायला जाणार नव्हतं.

सांगाडा दौलतच्या टेम्पोतून घरी निघाला. मी पुढे बसलो होतो. वाटेत एका खड्ड्याने टेम्पोला असं काही उचललं, की मागचा फाळका उघडला आणि आमचा माणूस रस्त्यावर आडवा झाला. बरगड्या सुटून चहूकडे गेल्या. कारखान्याची शिफ्ट नुकतीच सुटली होती, त्यामुळे मदतीला माणसांची कमतरता पडली नाही. जो तो एकेक हाड उचलून मला आणून देत होता. "मास्टरजी, ये पसली भी आपकी है क्या?" असं एका गृहस्थाने अत्यंत सहानुभूतीने विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तेवढ्यात कोणीतरी मोबाइलवर हे सगळं टिपून घेत होतं, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर सगळं पुन्हा बांधलं आणि मग खरी गोष्ट लक्षात आली. सांगाडा उभा राहीना. सोडला की गुडघ्यात मोडायचा, कमरेत वळायचा आणि हेल्मेटसकट माझ्या अंगावर यायचा. भिंतीला टेकवला तर दारुड्यासारखा दिसायचा. शेवटी हॉलमधला पंखा उतरवला आणि त्याच्या हुकाला तो दोरीने टांगला. ऐन भाद्रपदातल्या उकाड्यात पंखा काढल्याबद्दल वैशाली मला काय म्हणाली ते इथे देत नाही. पाट्या लावल्या. 'आधार देणे' ही पाटी त्याच्या पायाशी आली.

मी आईच्या खोलीचं दार सताड उघडलं आणि बाजूला झालो. तिने चष्मा पुसला, लावला आणि बराच वेळ बघितलं.

"प्रभाकर," ती म्हणाली, "तो उभा नाहीये. टांगलाय."

"आई, ते तांत्रिक आहे. तू पाट्या वाच."

"वाचल्या. ज्याला स्वतःला दोरीने टांगावं लागतंय तो मला काय आधाराचं सांगतो?" असं म्हणून तिने कूस बदलली. मी दार लोटून घेतलं. मला अपमानापेक्षा वाईट जास्त वाटलं, कारण मुद्दा तिचा बरोबर होता.

चतुर्थीला प्राणप्रतिष्ठा झाली, आरती झाली, आणि दुपारी दारात भूपेशदादा हजर. भूपेश हा आमच्या भागातला होतकरू पुढारी. त्याच्याबरोबर बरीच मुलं, एक हार आणि एक कॅमेरावाला होता. खड्ड्यात पडलेल्या सांगाड्याचा व्हिडिओ एव्हाना सगळ्या भिवंडीने पाहिला होता, आणि त्याचा अर्थ भिवंडीने आपल्या पद्धतीने लावला होता.

"सर, मानलं तुम्हाला," भूपेश म्हणाला. "रस्त्यांवर एवढं थेट बोलायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. खड्ड्यांनी माणसाचा सांगाडा केला. एकच नंबर."

"अहो, ही सांगाड्याची कार्यं आहेत," मी म्हणालो. "हे बघा, हालचाल, रक्तपेशी…"

"तेच ना सर. मणके गेले, रक्त सांडलं. सगळं आलं यात."

त्याने सांगाड्याच्या गळ्यात हार घातला. पंख्याशिवाय त्या गर्दीत सगळे घामाने निथळत होते, आणि कॅमेऱ्यासमोर मी हसत उभा होतो. केसरीनाथ दारातून म्हणाले, "सर, मला वाटलंच होतं की तुमच्या मनात काहीतरी खोल आहे." त्यानंतर दोन दिवस लोकांची रीघ लागली. प्रत्येकजण बाप्पाला नमस्कार करायचा, मग सांगाड्याकडे वळून आपल्या कमरेची हकीकत सांगायचा. कोणता नाका, कोणता खड्डा, कोणती मोटारसायकल. मी हाडांचा गुरुजी होतो, मला त्यांनी हाडांचा तलाठी करून टाकलं. खनिजांच्या साठ्याबद्दल एकानेही विचारलं नाही. आणि ज्या एका प्रेक्षकासाठी हे सगळं मांडलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

तिसऱ्या दिवशी गौर यायची होती. आमच्याकडे मुखवट्याची उभी गौर असते. लाकडी घोडीला नऊवारी नेसवायची, दागिने घालायचे, वर मुखवटा चढवायचा. ही साडी माझ्या आठवणीत कायम आईनेच नेसवली. हॉलचं दार आतून लावून घ्यायची आणि कोणाला आत घ्यायची नाही. वैशाली लग्न होऊन आल्यावर तिला आत प्रवेश मिळाला, तो फक्त टाचण्या हातात द्यायला. आईच्या गौरीच्या निऱ्या बघायला दुसऱ्या आळीतल्या बायका यायच्या. ती विद्या तिने कोणाला दिली नाही. विचारलं तर म्हणायची, मी आहे ना.

सकाळी मी माळ्यावरून घोडी काढली. ती माझ्या हातातच राहिली, म्हणजे तिचा वरचा भाग राहिला. खालचा वाळवीने खाल्ला होता. बाजारात धावलो. दुकानदाराकडे एकच घोडी उरली होती, आणि ती माझ्या गुडघ्याएवढी होती. परत आलो तेव्हा वैशाली नवी जांभळी साडी मांडीवर घेऊन जमिनीवर बसली होती. तिचे डोळे भरून आले होते. ती एरवी रडणारी नाही. "पहिल्यांदाच माझ्या हातून व्हायचं होतं, आणि घोडीच नाही," ती म्हणाली. मी तिच्या शेजारी बसलो. रीमा तेवढ्यात व्यायामाला आली होती, तीही आमच्याजवळ येऊन उभी राहिली.

आतून आवाज आला. "प्रभाकर, तुझा तो टांगलेला खाली उतरव."

"कशाला?"

"त्याला साडी नेसवायची."

वैशाली एकदम उठून दारात गेली. "आई, काहीतरीच काय? सांगाड्यावर गौर बसवायची?"

"मग लाकडी घोडी काय वेगळी असते? मी इतकी वर्षं गौर नेसवली, आत काय असतं ते मी बघितलंय. तुझ्या आत नाही का सांगाडा? माझ्या आत नाही? त्याच्यावर साडी चापूनचोपून नेसली की बाई दिसते. त्या हाराचं आणि टोपीचं मात्र काहीतरी करा."

मी खुर्चीवर चढून दोरी सोडली. हार आणि हेल्मेट काढलं. सांगाडा नेहमीप्रमाणे माझ्या अंगावर आला. आई पलंगावरून बघत होती, पण आज तिची पाठ भिंतीकडे होती.

"त्याचे पाय वाजतात," ती म्हणाली. "पोकळ आहेत का?"

"पाइप आहेत, आई."

"मग तांदूळ भर त्यात. आणि पावलं पाटावर ठोकून टाक. रिकाम्या पायांवर कोण उभं राहणार?"

मी पाइपवर टिचकी मारून पाहिली. लांब हाडं पोकळ नसतात, ती आतून मज्जेने भरलेली असतात, असं मी किती वर्गांना सांगत आलो, आणि स्वतःच्या सांगाड्याला मी रिकामे पाय लावले होते. मी गुडघे घट्ट बांधले. वैशालीने देवाच्या तांदळाचा डबा आणला, आम्ही दोन्ही पाय काठोकाठ भरले, धोटे पाटावर ठोकले आणि हळूच हात काढले. तो उभा राहिला. कशाचाही आधार न घेता, ताठ, माझ्यापेक्षाही ताठ. खनिजांचा साठा हे पाचवं कार्य मी त्या दिवशी प्रथमच प्रत्यक्ष पाहिलं.

मग साडी आली. वैशालीने खोचली, आई आतून सूचना देऊ लागली.

"तसं नाही. आधी गाठ."

वैशालीने गाठ मारली. साडी घसरली.

"डावीकडून, डावीकडून. अगं, पदर मोठा ठेवलास. काढ ते." वैशालीने पदर आवरला. "निऱ्या अशा घालतात का? हाताला सांग तुझ्या, त्या मोजून घालायच्या असतात." वैशालीने तिसऱ्यांदा साडी सोडली. संध्याकाळ जवळ येत होती, गौर यायची वेळ होत होती. मी मदतीला गेलो तर दोघीही माझ्यावर ओरडल्या. आतून आता काही सूचना येईना. मी वळून पाहिलं. आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली होती, आणि तिचा चेहरा मी सातवीत भूगोलात नापास झालो तेव्हा झाला होता तसा झाला होता.

"वैशाली," ती म्हणाली, "माझ्या घोड्यावरचे टॉवेल काढ."

कोणी हललं नाही. मग सगळे एकदम हलले. वैशालीने टॉवेल काढले, रीमाने वॉकर पुढे आणला आणि ती बाजूला झाली. आई उठली. मध्येच थांबली, दातओठ खाल्ले, पुन्हा उठली आणि उभी राहिली. वैशालीने दारात ठेवलेला रांगोळीचा डबा उचलला, धावत आली आणि आईच्या खोलीच्या उंबऱ्यापासून गौरीची पावलं काढायला लागली.

"काकू, रांगोळीवरून आजी घसरतील," रीमा कुजबुजली.

म्हणून वैशालीने पावलं भिंतीच्या कडेकडेने काढली आणि आई वॉकर टेकत त्यांच्या शेजारून आली. तेवढं अंतर यायला तिला बराच वेळ लागला. माझ्या मनात पाचही कार्यं एकामागून एक येत होती आणि एकही शब्दात सांगता येत नव्हतं.

सांगाड्यासमोर येऊन तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. साडीचं टोक हातात घेतलं. मग तिच्या लक्षात आलं, की नऊवारी एका हाताने नेसवता येत नाही. तिने वॉकर सोडला.

रीमा पुढे झाली. "आजी, वजन दोन्ही पायांवर ठेवा."

"गप्प बस. निऱ्या मोजतेय."

आईने गाठ मारली. काष्टा घातला. निऱ्या एकसारख्या, बोटभर बोटभर, झरझर पडत गेल्या. ती वाकली, सरळ झाली, मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि या सगळ्यात ती चालत होती हे तिला सोडून आम्हा सगळ्यांना कळत होतं. मध्ये एकदा तिने सांगाड्याच्या खांद्यावर हात टेकून दम खाल्ला. त्याने तो भार घेतला आणि जागचा हलला नाही. माझ्या हातची वस्तू होती ती. मला रडू येत होतं आणि छाती फुगली होती, दोन्ही एकाच वेळी. "इकडे ये," तिने वैशालीला सांगितलं, "ही बघ, ही पहिली निरी अशी धरायची. पुढच्या वर्षी तुला घालायचीय." दार मात्र तिने लावायला सांगितलं. मी आणि समोरून डोकावायला आलेले केसरीनाथ बाहेर काढले गेलो.

दुसऱ्या दिवशी, गौरीपूजनाला, स्पर्धेचे परीक्षक आले. चांगदेव, एक निवृत्त इन्स्पेक्टर आणि एक चित्रकलेचे शिक्षक. पंखा परत लागला होता. बाप्पाच्या शेजारी जांभळ्या नऊवारीत, नथ घालून, भरल्या अंगाची गौर उभी होती. तिच्या उजव्या हाताला हिरव्या नऊवारीत आई उभी होती. खुर्ची मागे ठेवली होती, पण बायका ओटी भरायला येत होत्या आणि बसून स्वागत करणं तिला पटत नव्हतं. वॉकर मी आतल्या खोलीत ठेवला होता. सकाळपासून त्याच्यावर पुन्हा टॉवेल होते.

इन्स्पेक्टरांनी हातातला कागद पाहिला, खोलीभर नजर फिरवली, पुन्हा कागद पाहिला. "रस्ता सुरक्षा, सांगाडा, असं लिहिलंय," ते म्हणाले. "आम्ही व्हिडिओ बघून आलोय. सांगाडा कुठाय, सर?"

चांगदेव माझ्याकडे रागाने बघत होते. वैशालीने पदर तोंडाला लावला.

"दोन आहेत," मी म्हणालो. "दोन्ही साडीत आहेत."

परीक्षकांना काही कळलं नाही. ते एकमेकांकडे बघू लागले. आईला कळलं. तिने गौरीच्या पदराची एक चुणी नीट केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "प्रभाकर, पाहुण्यांना पेढे दे. आणि पाठ सरळ ठेव."

मी ठेवली.